पगार झुंबर रावजी

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी तोंड वाकडं करायला नको. गोदाकाठ विद्यापीठात मी टंकलेखिका म्हणून चिकटले आणि आज उपकुलसचिव आहे. परवा विद्यापीठाला वीस वर्षं झाली, तेव्हा पहिल्यापासून असलेल्या आम्हा जुन्या खोडांचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. 'बोरस्ते मॅडम म्हणजे शिस्त, बोरस्ते मॅडम म्हणजे निष्ठा!' मला हसू आवरेना. ज्यांच्या जिवावर ही सगळी निष्ठा चालली, त्या माझ्या सासूबाई पहिल्या रांगेत बसून खुशाल डुलक्या काढत होत्या.

तर त्यांची गोष्ट सांगते. त्यांना वगळून माझ्या नोकरीची गोष्ट सांगताच येत नाही.

एकोणनव्वद साली नोकरीची जाहिरात आली, तेव्हा माझी आशा पाळण्यात होती. सासरे नुकतेच गेले होते. नवरा सुनील अंबडच्या कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. मी बी.कॉम., टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास, आणि घरात बसून भाजी निवडत होते. नातेवाइकांचं एकच म्हणणं, पोर जरा मोठी होऊ दे. सासूबाईंनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी माझ्या कडेवरची आशा काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू जा गं. पोरीला मी बघते. चार वाढवलीत, पाचवी काय जड हाय का मला?"

विमलाबाई बोरस्ते. नाकीडोळी ठसठशीत, बोलणं मोजकं. माहेर कळवणचं, शिक्षण सातवीपर्यंत, लग्न पंधराव्या वर्षी. मी एवढंच ओळखत होते, आणि मला वाटायचं, आणखी ओळखायचं राहिलंय काय?

आमचं विद्यापीठ तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका भाड्याच्या बंगल्यात होतं. शिकणाऱ्यांनी तिथे यायचंच नसायचं. पुस्तकं पोस्टाने घरी, रविवारी जवळच्या केंद्रावर वर्ग आणि मे महिन्यात परीक्षा. शाळा सुटलेल्या बाया, द्राक्षवाले शेतकरी, पोलीस, कंडक्टर, कोणीही या. बारावी नसली तरी पात्रता परीक्षा द्या आणि बी.ए.ला बसा. मला परीक्षा विभाग मिळाला आणि मी त्या कामाच्या प्रेमातच पडले. हसू नका. निकाल लागायच्या आधी सगळ्या खोल्यांत जी धांदल उडते ना, ती मला लग्नघरापेक्षा आवडायची.

परीक्षा विभागाचा एक कडक नियम होता. दर वर्षी परीक्षेआधी प्रत्येकाने लिहून द्यायचं, की माझा कोणीही जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही. बसला असेल तर त्या वर्षापुरतं परीक्षेचं काम बंद, दुसऱ्या विभागात रवानगी. मी दर वर्षी डोळे झाकून सही करायचे. माझे नातेवाईक कुठले बसायला? भाऊ डॉक्टर, दीर सगळे शिकलेले.

सत्त्याण्णव साली एका परीक्षार्थ्याने माझ्या डोक्याला ताप दिला. नाव पगार झुंबर रावजी, बी.ए. पहिलं वर्ष, केंद्र निफाड. निकालात एका पेपरला 'गैरहजर' लागलं होतं आणि त्याची तक्रारीवर तक्रार येत होती, की पेपर दिलाय, पुरवण्यासुद्धा जोडल्यात. आता पगार हे आडनाव कळवणकडे पायलीला पन्नास. माझ्या मामेसासऱ्यांचंही तेच. झुंबर हे नाव आमच्याकडे बाप्यांचंही असतं आणि बायकांचंही, पण माझ्या डोळ्यांसमोर आला तो मिशीवाला, फेटा बांधलेला झुंबर. घरी जेवताना मी करवादले, "हा झुंबर पगार कोण कुठला, नुसता जीव खातोय माझा! म्हातारा असणार, काम नाही धाम नाही, बसलाय पत्रं लिहीत."

सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "असेल बिचारा खरं सांगत. बघ ना एकदा."

मी बघितलं. हजेरीपटावर सही होती, उत्तरपत्रिका दुसऱ्या केंद्राच्या गठ्ठ्यात गेलेली सापडली. चूक आमचीच होती. ती मी दुरुस्त केली, निकाल बदलून दिला आणि घरी येऊन रुबाबात सांगितलं, "तुमच्या त्या झुंबरचं काम केलं हं!" त्या दिवशी सासूबाईंनी शेवयांची खीर केली. मला वाटलं, चतुर्थी असेल.

त्या काळात त्यांना दर रविवारी बहिणीची फार आठवण यायची. धाकटी बहीण मंगलाबाई सायखेड्याला राहायची. सकाळची एस.टी. धरायची, संध्याकाळी पिशवीभर वांगी घेऊन परत यायचं. मला रविवारी सुट्टी, आणि या बाई चालल्या बहिणीकडे! माझी चिडचिड व्हायची, पण बोलणार कुठल्या तोंडाने? सोमवार ते शनिवार त्या माझं घर ओढत होत्या.

आता नव्व्याण्णवच्या मे महिन्यात या. तोवर मी कक्षाधिकारी झाले होते आणि सहायक कुलसचिवाच्या जागेसाठी माझं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. जूनमध्ये मुलाखत, म्हणजे निव्वळ उपचार. आमचे परीक्षा नियंत्रक देवरे साहेब तर मला आत्तापासूनच "सहायक कुलसचिव बाई" अशी हाक मारायला लागले होते. त्यांनी मला निफाड केंद्रावर भरारी पथकात पाठवलं. बायकांची झडती घ्यायची तर पथकात बाईमाणूस लागतं.

निफाडला ऊन असं, की कॉलेजच्या पत्र्याखाली पंखेसुद्धा गरम वारा टाकत होते. केंद्रप्रमुख कौतुकाने सांगायला लागले, "मॅडम, आमच्याकडे एक आजी आहेत. पुरवण्या मागून मागून पर्यवेक्षकांचा जीव घेतात. या, दाखवतो." मी हसत हसत खोलीत शिरले.

खिडकीजवळच्या बाकावर हिरवी साडी दिसली. मीच दिवाळीला घेतलेली. बाकावर आशाची कंपासपेटी होती. ती हरवली म्हणून मी आशाला रडेस्तोवर रागावले होते. आणि डोक्यावर पदर घेऊन, नाकावर चष्मा टेकवून, माझ्या सासूबाई खाली मान घालून लिहीत होत्या.

त्यांनी वर बघितलं. आमची नजरानजर झाली. एखादीने पेन टाकलं असतं. या बाईंनी पुन्हा मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. मी काय बोलणार? पेपर चालू होता. मी बाकाशी गेले, प्रवेशपत्र उचललं आणि नाव वाचलं. पगार झुंबर रावजी.

अगं बाई! म्हणजे तो मिशीवाला झुंबर माझ्याच ताटात भाकरी वाढत होता.

पेपर सुटला. सगळे बाहेर पडल्यावर मी त्यांना कडुनिंबाखाली गाठलं. "आई, हे काय आहे?"

"आधी पेपर कसा गेला ते तरी इचार," त्या म्हणाल्या.

"झुंबर कोण?"

"मीच. माहेरचं नाव हाय ते. शाळेच्या दाखल्यावर तेच हाय, मग फॉर्मवर तेच लिहिलं. विमल तर लग्नात ठेवलं यांनी." यांनी म्हणजे सासऱ्यांनी. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, तसं कळवणची झुंबर एका रेघेत पुसली गेली होती. सोळा वर्षं मी त्या घरात होते. मला हे माहीत नव्हतं.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगितलं असतं तर तू तिकडं लिहून दिलं असतं. मग तुला परीक्षेतून काढलं असतं. तुझा जीव हाय त्या कामात. म्हटलं, हिला कळूच द्यायचं नाय. सायखेड्याच्या शाळेत वर्ग भरतात, मंगलाच्या घराला लागूनच. पुस्तकं पण तिच्याच पत्त्यावर येतात."

माझ्यासाठी लपवलं होतं! आणि त्यामुळेच मी बुडत होते. नातेवाईक बसलेला नाही अशी खोटी लेखी हमी, तीही तीन वर्षं, आणि वर सासूचाच निकाल माझ्या हाताने बदललेला. कोणाला पटणार, की मला ठाऊक नव्हतं? नोकरीसुद्धा जाऊ शकत होती.

घरी सुनीलला सांगितलं, तर तो डोकं धरून बसला आणि मग म्हणाला, "कोणाला कळणार आहे? नाव वेगळं, आडनाव वेगळं. एकच पेपर राहिलाय. गप बस ना तू." खरं सांगते, मलाही ते क्षणभर गोड वाटलं. जागा समोर दिसत होती.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "हिच्या नोकरीशी खेळ नको. मी उद्याचा पेपर देत नाय. झालं, संपलं. तीन वर्षं हौस झाली, पुष्कळ झालं."

माझा पारा असा चढला म्हणता! "खबरदार!" मी ओरडले. "पेपर द्यायचा म्हणजे द्यायचा. आत्ता अभ्यासाला बसा. काय असेल ते मी बघते."

त्यांचा तो शेवटचा पेपर चालू असताना मी देवरे साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्ही बोलला नसता तर..." एवढंच म्हणून ते थांबले. पुढे चौकशी समिती बसली. निकाल राखून ठेवला, माझी मुलाखत लांबली. महिनाभर ऑफिसात मी दिसले की कुजबुज थांबायची. ज्यांना मी फायली फेकून मारल्या होत्या, त्यांना तर सणच मिळाला.

समितीने सासूबाईंनाही बोलावलं. समितीत देवरे साहेब, एक वकील आणि निफाडकडच्याच एक प्राध्यापिका बाई. वकील माझ्याकडे वळले. "मामेसासऱ्यांचं आडनाव पगार, हे तुम्हाला माहीत होतं. अर्जावर पगार. आणि एका घरात राहून सासूचं नाव माहीत नव्हतं? हे आम्ही मानायचं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिला कसं माहीत असणार, साहेब? मला कोणी इचारलंच नाय. सुनीलला पण माहीत नव्हतं. माझा भाऊ मला अक्का म्हणतो. झुंबर म्हणणारी माझी आई, ती गेली."

मग त्या प्राध्यापिका बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, माझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव मलाही माहीत नाही." वकिलांनी चष्मा काढून पुसला. देवरे साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

मला तिथे बसल्या बसल्या माझं लग्न आठवलं. माझंही नाव बदलायचं ठरलं होतं, तांदूळही पसरून झाले होते. सासूबाईच मध्ये पडल्या होत्या. "सुमेधा चांगलं हाय, राहू द्या." मी तेव्हा म्हटलं, बरी आहे बाई सासू, आणि विसरून गेले. आता त्या खोलीत मला रडू कोसळायचंच बाकी होतं.

समितीने पहिल्या वर्षाची उत्तरपत्रिका, हजेरीपट सगळं तपासलं. दुरुस्ती बरोबर होती. तिन्ही वर्षांचे पेपर बाहेरच्या परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतले. पगार झुंबर रावजी, द्वितीय श्रेणी. माझा जीव भांड्यात पडला. मीही दोषी ठरले नाही. पण नियम तो नियम. लेखी हमी चुकीची होती, म्हणून त्या वर्षी बढती नाही आणि परीक्षा विभागही नाही. जागा दुसऱ्याला मिळाली आणि मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. सकाळपासून रांग. पुस्तकं आली नाहीत, नावात चूक झाली, फी भरली पण पावती नाही. पहिले काही दिवस मी धुमसत होते. मग हळूहळू समोरची माणसं दिसायला लागली. दहा वर्षं मी त्यांची फक्त नावं बघितली होती. सुरगाण्याहून दोन गाड्या बदलून आलेली अंगणवाडीची बाई, रात्रपाळी करून तसाच आलेला वॉचमन. माझ्या तापट जिभेला त्या खिडकीनेच वळण लावलं. देवरे साहेबांचे मी आजही आभार मानते, त्यांनी मला दुसरीकडे कुठे टाकलं नाही.

घरी मात्र मी एक पथ्य पाळलं. सासूबाईंना बढतीचं सांगितलं नाही. 'मुलाखती पुढे गेल्यात' म्हटलं, खिडकीचं 'बदली झाली' म्हटलं. सुनीललाही दम देऊन ठेवला.

पदवीदानाचा दिवस आला. मोठा मांडव, सनया, काळे झगे. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सोडला नाही, त्यावरूनच झगा चढवला. व्यासपीठावरून निवेदकाने दणक्यात पुकारा केला, "श्रीयुत पगार झुंबर रावजी!" आणि हिरव्या साडीतली म्हातारी ठमकत पायऱ्या चढू लागली. मांडवात एकच हशा पिकला, आणि मग टाळ्या पडल्या त्या थांबेचनात. मीही रडत रडत टाळ्या वाजवत होते. निवेदकाचं काय चुकलं? मीही त्याला बाप्याच समजले होते.

त्या खाली आल्या. आशा त्यांना बिलगली. तेवढ्यात आमच्या विभागाचा जुना शिपाई लहानू पेढा घेऊन आला. मनाने भला माणूस, पण पोटात काही राहत नाही. "आजी, नमस्कार करतो तुम्हाला. अन् मॅडमना पण. तुमच्या डिग्रीपायी त्यांची सायबाची खुर्ची गेली, पण बाईनं हूं की चूं केलं नाय."

सासूबाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. लहानूला आपण काय बोललो ते कळलं आणि तो काढता पाय घेऊन सटकला. त्या माझ्याकडे वळल्या. "खुर्ची गेली? कवा?"

"झालं ते झालं, आई. जाऊ द्या."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आज इथे आला असता?"

"नसते आले."

"म्हणूनच नाही सांगितलं."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. पदवीची भेंडोळी मांडीवर घेतली आणि रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही मी या बाईला चारचौघांत रडताना बघितलं नव्हतं. "माझ्यापायी गेली गं तुझी खुर्ची," त्या सारख्या म्हणत होत्या. "काय करायचा मला हा कागद? म्हातारपणी हौस सुचली अन् लेकीचं वाटोळं केलं."

माझं डोकंच फिरलं. "पुरे, आई!" मी एवढ्या जोरात ओरडले, की पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. "गेली कोणापायी ते बरं दिसतं तुम्हाला. आली कोणापायी होती? मी सकाळी बाहेर पडायचे ती संध्याकाळीच उगवायचे. आशा तापली तरी मला ऑफिसात फोन नाही केलात कधी. त्या नोकरीतला एक दिवस तरी माझा एकटीचा होता का? आणि तुमच्या एका कागदासाठी मी एक खुर्ची द्यायची नाही? कोण समजता कोण तुम्ही मला?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, चष्मा नीट केला, आजूबाजूला वळून बघणाऱ्या लोकांकडे एक नजर टाकली आणि माझ्या दंडाला धरून मला खाली ओढलं.

"हळू बोल जरा," त्या कानात म्हणाल्या. "लोक काय म्हणतील? ग्रॅज्युएट बाईची सून, अन् वरडती कशी!"

मी तिथेच, भर मांडवात, त्यांच्या पाया पडले.